डीव्हीडी रायटर वारंवार डिस्क वाया घालवतोय? नवा घेण्याआधी एवढं तपासा

‘रायटर गेलाय, आता कोणता घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी मॉडेलचं नाव सांगत नाही. आधी वाया गेलेल्या डिस्क आणायला सांगतो. त्या लोकांनी बहुतेक वेळा फेकून दिलेल्या असतात, आणि तिथेच घोटाळा होतो. फसलेली डिस्क उजेडात तिरकी धरली की तिच्या खालच्या बाजूला रंगात किंचित फरक दिसतो. आतला भाग बर्न झालेला, म्हणजे लिहिलेला असतो, बाहेरचा कोरा असतो. त्या दोन भागांमधली रेघ कुठे आहे ते पाहिलं की अर्धं निदान तिथेच होतं.

मी आजवर ‘गेलेले’ म्हणून जे रायटर तपासले, त्यांतले निम्म्याहून जास्त धडधाकट निघाले. दोष डिस्कचा, वेगाचा नाहीतर केबलचा होता. जे खरंच गेले होते, त्यांच्या बिघाडानेच पुढचा रायटर कसा हवा ते सांगून टाकलं. म्हणून निवडीचा भाग मी शेवटी ठेवलाय.

लक्षणं

तुमचं यातलं कोणतं ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त असतील तर सगळी लिहून काढा.

- बर्निंग सुरू होताहोताच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येते. डिस्कवर रेघ दिसतच नाही.
- ८०-९० टक्क्यांपर्यंत सगळं सुरळीत, मग अडकतं. रेघ बाहेरच्या कडेजवळ.
- दोन थरांची डिस्क बरोबर निम्मं लिहून झाल्यावर फसते.
- दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबतं, किंवा यूएसबी रायटर मध्येच गायब होऊन पुन्हा उगवतो.
- बर्न पूर्ण झाल्याचं सांगतो, पण दुसऱ्या यंत्रात डिस्क चालत नाही.
- सीडी चालते पण डीव्हीडी नाही. किंवा याच्या उलट.
- तयार छापील डिस्क वाचतो, कोरी टाकली की ‘डिस्क घाला’ म्हणतो.
- संगणकात ड्राइव्हच दिसत नाही.

आता सोप्यापासून अवघडाकडे जाऊ. पहिल्या चार तपासण्यांना हत्यार लागत नाही आणि एक-दोन डिस्कपलीकडे खर्चही नाही.

१. हा रायटर ती डिस्क मुळात लिहू शकतो का?

हसू नका. कॉम्बो ड्राइव्ह नावाचा एक प्रकार असायचा. तो डीव्हीडी वाचतो पण लिहितो फक्त सीडी. जुन्या संगणकांत तो अजून सापडतो आणि लोक त्याच्यात डीव्हीडी बर्न करायची खटपट करत बसतात. ट्रेच्या दर्शनी भागावरची चिन्हं वाचा. नुसतं ‘डीव्हीडी-रॉम’ असेल तर विषय संपला.

डीव्हीडीत ‘वजा आर’ आणि ‘अधिक आर’ असे दोन पंथ आहेत. पहिला १९९७चा, दुसरा २००२चा. सुरुवातीचे रायटर यांपैकी एकच लिहायचे. नंतरचे जवळपास सगळे दोन्ही लिहितात, त्यामुळे ही अडचण आता फक्त फार जुन्या ड्राइव्हची. ब्लू-रे डिस्क मात्र डीव्हीडी रायटरच्या ट्रेमध्ये आरामात बसते आणि काहीच होत नाही. आकार सारखा असला तरी लेझर वेगळा लागतो.

डिस्कवर मावतं किती, तेही इथेच पाहून घ्या. डीव्हीडीवर लिहिलेले ४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट. विंडोज १०२४च्या हिशेबाने मोजतं, त्यामुळे तिथे तीच डिस्क ४.३८ जीबीची दिसते. फोल्डर ४.५ जीबीचा दिसत असेल तर तो मावणार नाही, रायटर कितीही चांगला असो.

२. डिस्क बदला, आणि तीही दुसऱ्या बनावटीची

त्याच गठ्ठ्यातली दुसरी डिस्क टाकून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. गठ्ठाच खराब असेल तर दहाच्या दहा फसतील आणि तुम्ही रायटरला दोष देत बसाल.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कोरी डिस्क अगदी कोरी नसते. तिच्यात कारखान्यातच एक नागमोडी खाच पाडलेली असते आणि डिस्क कुणी बनवली, कोणत्या प्रकारची आहे, याचा कोड त्या खाचेच्या रचनेत नोंदलेला असतो. रायटर आधी तो कोड वाचतो. मग आपल्या फर्मवेअरमधल्या (ड्राइव्हच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या) यादीतून या डिस्कला लेझरचे ठोके कसे द्यायचे ते ठरवतो. त्यानंतर डिस्कच्या सर्वांत आतल्या राखीव पट्ट्यावर थोडं लिहून लेझरची ताकद जुळवतो. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ म्हणजे ही जुळवाजुळवच जमली नाही. कारणं तीन: डिस्कचा रंगद्रव्याचा थर खराब आहे, भिंग मळलंय, किंवा लेझर म्हातारा झालाय. यातलं पहिलं तपासायला एक डिस्क पुरते, म्हणून सुरुवात तिथून.

यादीत कोड सापडला नाही की रायटर सर्वसाधारण पद्धतीने लिहितो आणि निकाल नशिबावर सोडतो. म्हणून एकच डिस्क एका रायटरवर उत्तम आणि दुसऱ्यावर भिकार निघते. वेष्टनावरचं नाव आणि खरा उत्पादकही बऱ्याचदा वेगळे असतात. इमगबर्नसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिस्क टाकल्यावर हा कोड दिसतो. तुमच्या रायटरवर ज्या कोडची डिस्क चांगली निघाली तो लिहून ठेवा, पुढच्या वेळी तीच मागा.

डिस्क हाताळताना कडेने धरा. पुसायची झाल्यास मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या रांगेतून लांबवर जातो, सरळ ओरखडा तिला फक्त ओलांडतो. सीडीचा खरा नाजूक भाग तर वरचा, नाव लिहायची बाजू. माहितीचा थर तिथेच, लॅकरच्या पातळ थराखाली असतो. तिथे टोकदार पेन चालवलं तर खालून डिस्क चकचकीत दिसते आणि आत माहिती गेलेली असते. डीव्हीडीत तो थर प्रत्येकी ०.६ मिलीमीटरच्या दोन चकत्यांमध्ये दबलेला असतो, म्हणून ती या बाबतीत बरी. कागदी लेबलं मात्र दोघींवरही चिकटवू नका. जरा तिरकं बसलं तरी वेगात फिरताना डिस्क थरथरते.

३. वेग कमी करा, पण अगदी तळाला नेऊ नका

कडेजवळ फसणाऱ्या डिस्कचं औषध नव्वद टक्के वेळा हेच असतं.

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. बहुतेक रायटर आत सावकाश सुरू करतात आणि बाहेर सरकताना लिहिण्याचा वेग वाढवत नेतात. खोक्यावरचा ‘१६एक्स’ (मूळ वेगाच्या सोळा पट) फक्त बाहेरच्या टोकाला गाठला जातो. तिथेच डिस्कचा डोलही सर्वांत जास्त आणि रंगद्रव्याचा थर सगळ्यात असमान. या सगळ्या अडचणी एकाच जागी येतात, मग ८५ टक्क्यांवर फसणारच. १६एक्सची डिस्क ८एक्सवर लिहून पाहा. दोन-चार मिनिटं जास्त लागतील.

‘१एक्सवर लिहिलं की सर्वोत्तम’ हा सल्ला सीडीच्या सुरुवातीच्या दिवसांतला. आजच्या डिस्कचा थर जास्त वेगासाठी बनवलेला असतो. अगदी हळू लिहिलं तर लेझर एकेका ठिकाणी नको तितका रेंगाळतो आणि दर्जा घसरू शकतो. म्हणून डिस्कवर छापलेल्या वेगाच्या निम्म्याने सुरुवात करतो. माझा अनुभव तरी असाच.

वेगाचे आकडे फसवेही असतात. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीचा १एक्स म्हणजे १,३८५ केबी. डीव्हीडी १६एक्सवर लिहायची तर रायटरला दर सेकंदाला सुमारे २२ एमबी माहिती अखंड मिळायला हवी. ती जुन्या पेन ड्राइव्हवरून किंवा वाय-फायवरून येत असेल तर धार तुटते. २०००च्या सुमारास आलेल्या बर्न-प्रूफसारख्या सोयींमुळे धार तुटली तरी डिस्क वाया जात नाही. रायटर थांबतो आणि पुन्हा जोडून लिहू लागतो. पण सांधे राहतात. बर्न करायचं ते आधी संगणकाच्या आतल्या डिस्कवर उतरवून घ्या. फुकटचा उपाय आहे.

दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क निम्म्यावर फसते, कारण तिथे लेझरला एका थरावरून दुसऱ्यावर नजर रोखावी लागते. वेग आणखी कमी करून बघा. तरी फसली तर फाइली दोन साध्या डिस्कवर वाटून टाका. दोन थरांच्या मागे लागून मी जितक्या डिस्क घालवल्या, तितक्या दुसऱ्या कशात घालवल्या नसतील.

४. ‘बर्न झाली, पण तिकडे चालत नाही’

इथे रायटरला नवा पर्याय शोधण्याची घाई अजिबात नको. विंडोज बर्न करताना दोन पर्याय देतं. एक पेन ड्राइव्हसारखा वापरायचा, दुसरा सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठीचा. पहिला निवडला तर डिस्क बऱ्याच प्लेअरना कळत नाही. दुसरा निवडा आणि डिस्क फायनलाइझ करा, म्हणजे लिहून झाल्यावर ती पक्की बंद करा. फायनलाइझ न केलेली डिस्क ज्या रायटरवर लिहिली तिथे दिसते, बाकीच्यांना ती रिकामी वाटते.

आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) साधी फाइल म्हणून डिस्कवर टाकली तरी असंच होतं. डिस्क उघडून पाहा. आत एकुलती एक आयएसओ फाइल दिसली तर चूक सापडली. ‘इमेज बर्न करा’ हा पर्याय वापरा. आणि पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी जुन्या प्लेअरमध्ये चालत नसेल तर ती अपेक्षितच गोष्ट आहे. तिच्यावरून प्रकाश फार कमी परततो, जुन्या यंत्रांना तो पुरत नाही. एकदाच लिहायची डिस्क वापरा.

बर्ननंतर ‘व्हेरिफाय’ची खूण कायम ठेवा. जेवढा वेळ लिहायला तेवढाच पुन्हा जातो, पण मूळ फाइली पुसायच्या आधी त्या डिस्कवर खरंच उतरल्यात हे कळायला दुसरा मार्ग नाही.

५. वीज आणि केबल

दर वेळी वेगळ्याच जागी थांबणं हे या बिघाडाचं लक्षण. डिस्क खराब असेल तर ती साधारण एकाच पट्ट्यात फसते. वीज मात्र कधीही कमी पडते.

यूएसबी २.० पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यायचे असा नियम आहे, यूएसबी ३.०ने ९००. बाहेरून जोडायचा पातळ रायटर डिस्क फिरवायला घेताना आणि लिहिताना याहून जास्त ओढू शकतो. वाचायला वीज कमी लागते, म्हणून ‘वाचतो छान, लिहिताना मरतो’ अशी तक्रार येते. हब काढून टाका. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. सोबत आलेली आखूड केबलच वापरा, लांब केबलीत व्होल्टेज घटतं. दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडं लावा. दुसरं तोंड शोभेचं नसतं.

आतला रायटर असेल तर संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, साटा केबल (ड्राइव्हपासून मदरबोर्डपर्यंत माहिती नेणारी) दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा. ती सैल होते, आणि साफसफाई करताना तर हमखास. दुसरी केबल लावून पाहिलीत तर उत्तम. फार जुन्या, रुंद पट्टीच्या केबलच्या संगणकावर आणखी एक गंमत आहे. माहितीच्या देवघेवीत सहा चुका जमल्या की विंडोज एक्सपी त्या ड्राइव्हला संथ पीआयओ पद्धतीवर टाकतं आणि आपण होऊन परत आणत नाही. बर्निंग एकाएकी रडतखडत चालू लागलं आणि सगळा संगणकही जड झाला तर हेच असतं. केबल बदला, मग डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल काढून संगणक पुन्हा सुरू करा.

६. सॉफ्टवेअर की यंत्र?

ड्राइव्ह दिसत नसेल तर आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बघा. तिथेही नसेल तर दोष केबलचा, विजेचा किंवा ड्राइव्हचा, विंडोज कितीही वेळा नव्याने टाकलं तरी फरक पडणार नाही. बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही, तर जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरचे अवशेष आड येत असण्याची शक्यता मोठी. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा, तो स्वतःच परत बसेल. नाही बसला तर रजिस्ट्रीतल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी काढाव्या लागतात. ही नावं तुम्ही आज पहिल्यांदा ऐकत असाल तर ते काम जाणकारावर सोपवा. चुकीच्या जागची नोंद उडाली तर रायटरऐवजी कीबोर्ड बंद पडेल.

माझी आवडती युक्ती म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करणं. काहीही इन्स्टॉल न करता त्यातून एक डिस्क बर्न करून बघायची. झाली तर दोष विंडोजकडे, नाही झाली तर यंत्राकडे. तासभराचा वाद दहा मिनिटांत मिटतो.

७. भिंग

सीडी चालते आणि डीव्हीडी नाही, हे ऐकून लोक चक्रावतात. ‘एकच ड्राइव्ह आहे ना?’ ड्राइव्ह एक, लेझर दोन. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेसाठी तिसरा, ४०५ नॅनोमीटरचा. एक गेला तरी दुसरा चालू राहतो. मात्र डीव्हीडीचे ठिपके लहान असल्याने धूळही तिलाच आधी नडते, म्हणून लेझर गेला असं म्हणण्याआधी भिंग पुसून बघायचं.

लॅपटॉपसारख्या पातळ ड्राइव्हमध्ये ट्रे बाहेर ओढला की भिंग समोरच दिसतं. वीज पूर्ण तोडा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा पुरे, थेंब गळायला नको. भिंग नाजूक स्प्रिंगवर तरंगत असतं, त्यामुळे काडी नुसती टेकवून फिरवायची. डेस्कटॉपच्या जाड ड्राइव्हमध्ये भिंग आत असतं; तिथे ब्रशवाली साफसफाईची डिस्क एकदा वापरून बघता येते. एकदाच. तिचे ब्रश त्याच तरंगत्या भिंगाला झोडपत जातात.

लेझरजवळचा बारीक स्क्रू फिरवून ताकद वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. चार दिवस चालतो आणि मग कायमचा जातो.

८. फर्मवेअर

उत्पादकाकडे तुमच्या नेमक्या मॉडेलचं नवं फर्मवेअर असेल तरच या वाटेला जा. नव्या डिस्कचे कोड त्यात आलेले असू शकतात. टाकताना वीज गेली तर ड्राइव्हचा दगड होतो, म्हणून लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि डेस्कटॉपला यूपीएस असेल तेव्हाच करा. मिळत्याजुळत्या मॉडेलचं फर्मवेअर तर नकोच.

इथे थांबा

डिस्क आत फुटली असेल आणि खडखडाट येत असेल तर पुन्हा चालू करू नका. डीव्हीडी १६एक्सवर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. तुकडे भिंगाची वाट लावतात.

ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही ती वाचली जात नसेल, तर टूथपेस्टने घासणं, पॉलिश करणं, रात्रभर पुन्हा पुन्हा वाचायला लावणं, सगळं बंद. आधी दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये फक्त एकदा बघा. तरी नाही वाचली तर माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे द्या.

ड्राइव्हचं आवरण काढून वीज चालू ठेवू नका. बंद ड्राइव्ह सुरक्षित असतो, उघडलेला नाही. सीडीचा लेझर अवरक्त पट्ट्यातला असल्याने डोळ्याला जवळपास दिसतही नाही, आणि लिहिताना त्याची ताकद वाचण्याच्या कित्येक पट असते. पापणी मिटेपर्यंत डोळ्याला इजा झालेली असते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबाही उघडायचा नाही, वायर काढल्यावरसुद्धा आत भार साठलेला असतो. ड्राइव्ह लावल्यावर संगणकच बंद पडत असेल किंवा जळका वास येत असेल तर दुरुस्तीवाल्याला बोलवा.

दोन चांगल्या बनावटीच्या डिस्क, निम्मा वेग, नीट वीज आणि स्वच्छ भिंग, एवढं करूनही तयार डिस्क वाचतो पण बर्न फसतंच, तर लेझर थकलाय. वाचण्यापुरता जोर त्याच्यात उरलाय, लिहिण्यापुरता नाही. लेझर बदलायचा खटाटोप करू नका. ड्राइव्ह बदला.

मग कोणता घ्यायचा?

वर्षात पाच-दहा डिस्क लिहिणाऱ्याला यूएसबीचा पातळ डीव्हीडी रायटर पुरतो. तो साधारण ८एक्सवर लिहितो, आणि वर पाहिलंत तसं त्याहून जास्त वेग आपण वापरतही नाही. पण तुमची अडचण विजेची निघाली असेल, तर परत तसाच पातळ रायटर आणून तोच बिघाड विकत घेऊ नका. वेगळा अडॅप्टर असलेला बाहेरचा ड्राइव्ह घ्या, किंवा डेस्कटॉप असेल तर आतला सव्वापाच इंची. आतला घेण्याआधी कॅबिनेटला तेवढा खण आणि मदरबोर्डवर मोकळा साटा पोर्ट आहे का ते बघा. आजकालच्या बऱ्याच कॅबिनेटना हा खणच नसतो, आणि लोकांना ते खोकं उघडल्यावर कळतं.

गठ्ठ्याने डिस्क लिहायच्या असतील तर आतला जाडच. त्याची मोटर आणि ट्रे जास्त दणकट असतात आणि डिस्क नीट पकडली जाते. मोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी ४.७ जीबी अपुरे पडत असतील तर ब्लू-रे रायटर घ्या: एका थरावर २५ जीबी, दोन थरांवर ५०, आणि तो सीडी-डीव्हीडीही लिहितो. दीर्घकाळ टिकणारी एम-डिस्क वापरायची असेल तर खोक्यावर ती लिहिता येते असं स्पष्ट नोंदलेलं हवं. वाचता कुठल्याही सुसंगत ड्राइव्हवर येते, लिहायला मात्र तशी सोय लागते.

खोक्यावरच्या सर्वाधिक वेगाच्या आकड्याकडे मी बघतच नाही. नवा रायटर आला की पहिल्याच दिवशी एक डिस्क काठोकाठ भरून लिहितो, व्हेरिफाय करतो आणि ती दुसऱ्या संगणकात उघडून शेवटची फाइल चालवून पाहतो. कडेवरची. अर्धी डिस्क लिहून ‘चालतोय’ म्हटलं तर खरी परीक्षा झालेलीच नसते, आणि ती व्हायला हवी तोवर परत द्यायची मुदत उलटून जाते. डिस्क पास झाली की तिचा कोड आणि वेग एका चिठ्ठीवर लिहून ती ड्राइव्हवर चिकटवतो.